लख्ख पंख

पीटी बाईंचा दात तिसऱ्यांदा पडला तो सकाळच्या कवायतीत, ‘सावधान’ म्हणताना. ‘साव’पर्यंत सगळं ठीक होतं. ‘धान’बरोबर दात सुटला आणि पहिल्या रांगेपुढच्या मातीत जाऊन पडला. सहावीचा वर्ग ताठ उभा. दात कुठे पडला हे पुढच्या सगळ्यांनी पाहिलं होतं, पण हुकूम ‘सावधान’चा होता, आणि ‘विश्राम’ म्हणायचं तर बाईंना तोंडावरचा हात काढावा लागणार होता. शेवटी बाई स्वतःच वाकल्या, दात उचलला, खडूच्या रिकाम्या डबीत टाकला आणि मुलांकडे पाठ करून ‘विश्राम’ म्हणाल्या. मग मुलं जी हसत सुटली, ती तास संपेपर्यंत.

हे सगळं बाई दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसून सांगत होत्या. सांगताना स्वतःही हसत होत्या, पण हात तोंडावरून हलत नव्हता.

“माझंच काहीतरी चुकलं असणार, डॉक्टर,” त्या हाताआडून म्हणाल्या. “परवा सफरचंद खाल्लं. चिरूनच खाल्लं, देवाशपथ. पण एक फोड जरा मोठी होती.”

“बघा,” मामा म्हणाला. “मी काय सांगितलं होतं?”

दवाखाना मामाचा होता, आणि खुर्चीशेजारी ट्रे धरून उभी होती ती त्याची भाची. दंतवैद्यकाची पदवी घेऊन ती नुकतीच त्याच्या हाताखाली रुजू झाली होती. लहानपणी पेल्यात दूध ओततानासुद्धा ती वाकून, एक डोळा मिटून पातळी बघायची, म्हणून मामाने तिचं नाव मोजपट्टी ठेवलं होतं. घरी ती त्याला ‘मामा’ आणि ‘तू’ म्हणे. दवाखान्यात ‘सर’ आणि ‘तुम्ही’. हा नियम मामाचाच. पेशंटला घरचा कारभार वाटता कामा नये, असं त्याचं म्हणणं.

पीटी बाईंचा पुढच्या दाताशेजारचा एक दात शाळकरी वयातच चेंडू लागून गेला होता. त्या जागी मामाने झिर्कोनियाचा खोटा दात बसवला होता. झिर्कोनिया म्हणजे पांढरं, पोलादासारखं चिवट सिरॅमिक. त्या खोट्या दाताला मागच्या बाजूने एक पातळ पंख होता, आणि तो पंख शेजारच्या खऱ्या दाताच्या पाठीवर सिमेंटने चिकटवलेला होता. कुठला दात घासायचा नाही, कुठला कापायचा नाही. झाडाला कलम बांधावं तसं काम. मामाचा हात या कामात इतका सफाईदार होता, की आरशात बघून बाई पहिल्या दिवशी रडल्या होत्या.

मग तो पडला. मामाने विचारलं, “काय चावलंत?” बाई म्हणाल्या, काही नाही. मामा म्हणाला, “शिट्टी दातात धरता ना? तीच.” बाईंनी शिट्टी सोडली आणि मैदानावर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. दात पुन्हा पडला. मामाने विचारलं, “आता काय चावलंत?” बाईंनी समोरच्या दातांनी खाणंच सोडलं. आणि आता हा तिसरा प्रसंग.

मामाने डबीतला दात चिमट्यात धरला, दिव्याखाली फिरवला आणि ट्रेमध्ये ठेवला. “तुमचा चावाच जोरदार आहे,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. समजूतदारपणा होता, आणि भाचीला नंतर तोच जास्त झोंबला. “पंखाच्या आवाक्यातलं हे काम नाही. आता दोन्ही शेजारचे दात घासून बारीक करू आणि त्यांच्यावर तीन जोडदातांचा एक पक्का ब्रिज चढवू. मग काय चावायचं ते चावा. पुढच्या आठवड्यात या.”

“घासायचे म्हणजे… चांगले दात?”

“इलाज नाही.”

बाईंनी मान हलवली. वर्गात शिक्षा मान्य करणाऱ्या मुलासारखी. “माझीच चूक,” त्या पुन्हा म्हणाल्या.

त्या गेल्यावर भाचीने ट्रेमधला दात उचलला तो फक्त धुऊन ठेवायला. पण सवयीने आधी भिंगाखाली धरला. आणि तिथेच थबकली.

पंखाची आतली बाजू लख्ख होती. सिमेंटचा एक कणसुद्धा नाही. मघाशी बाईंचं तोंड उघडलेलं असताना तिने शेजारच्या दाताची पाठ पाहिली होती, आणि सगळं सिमेंट तिथे होतं, पूर्ण पंखाच्या आकाराचं, काठासकट शाबूत. साच्यातून वडी सुटावी तसा पंख सुटला होता.

आता ही गोष्ट साधी आहे. जोड तुटला की कुठून तुटला ते बघायचं. बाईंनी खरोखर काही कडक चावलं असतं, तर सिमेंट फाटलं असतं. थोडं इकडे राहिलं असतं, थोडं तिकडे, नाहीतर पंखाचा कोपरा तरी उडाला असता. सिमेंटने दाताला नीट धरलं नसतं, तर ते पंखाबरोबर बाहेर आलं असतं. पण सगळं सिमेंट दातावर आणि पंख कोरा, याचा अर्थ एकच होतो. सिमेंटने पंखाला कधी धरलंच नव्हतं. नुसतं टेकून उभं होतं, भिंतीला शिडी टेकावी तसं.

“आक्का,” तिने नर्सला विचारलं, “मागच्या दोन्ही वेळी दात पडला तेव्हा तुम्ही होतात ना? सिमेंट कुठे राहिलं होतं?”

आक्का मामाइतकीच या दवाखान्यात जुनी होती. ती हातमोजे उलटे करत म्हणाली, “दातावर. मीच खरवडून काढायला उभी होते. जीव गेला.”

“दोन्ही वेळी?”

“दोन्ही वेळी. का गं? आता सिमेंटचाही पंचनामा?”

भाचीने पंख पुन्हा भिंगाखाली धरला.

चूक कुठे होती, ते तिला दुसऱ्या दिवशी दिसलं, तेही अगदी डोळ्यांसमोर. एका गृहस्थाचा झिर्कोनियाचा, टोपीसारखा पोकळ दात बसवायचा होता. मामाने तो आधी तोंडात लावून पाहिला, माप बरोबर आलं. बाहेर काढला. तोंडात जाऊन आला म्हणजे त्याला लाळ लागली, म्हणजे तो पुन्हा स्वच्छ करायला हवा. इथपर्यंत सगळं बिनचूक. मग मामाने निळ्या जेलची सिरिंज उचलली, दाताच्या आत जेल भरली, थोडं थांबला, पाण्याच्या फवाऱ्याने धुतलं, वाळवलं, आणि दिव्याकडे धरून त्याचा नेहमीचा शब्द उच्चारला.

“लख्ख.”

निळी जेल म्हणजे फॉस्फोरिक आम्ल. खऱ्या दाताच्या पृष्ठभागाला ती लावतात, बारीक खड्डे पडावेत आणि सिमेंटला पकड मिळावी म्हणून. काचेच्या जातीच्या सिरॅमिकवरून लाळ धुवायलाही ती चालते. मामाने आयुष्यभर त्याच जातीचं सिरॅमिक वापरलं होतं, ते याच जेलने धुतलं होतं, आणि त्याचे ते दात आजही लोकांच्या तोंडात ठणठणीत होते. मग झिर्कोनिया आला. मामाने नवीन माल घेतला, सिमेंटआधी लावायचा नवीन प्रायमर घेतला, नवीन सिमेंट घेतलं. फक्त धुणं जुनंच ठेवलं. धुण्यात काय बदलायचं असतं?

आणि बदलायचं तेच होतं. प्रायमरमधला फॉस्फेटच झिर्कोनियाला धरतो. पण जेलमध्येही फॉस्फेटच असतो, तो आधी पोचतो, आणि पाण्याने कितीही धुतलं तरी उठत नाही. पंख दिसायला लख्ख, आणि प्रायमरला बसायला कुठे जागा नाही. मामा जितका काळजीने, जितका मन लावून धूत होता, तितका तो जोड बिघडवत होता. आळशी माणसाच्या हातून ही चूक इतकी पक्की झालीच नसती.

भाचीने दुपारच्या सुट्टीत प्रयोग केला. लॅबमधून झिर्कोनियाचे उरलेले तुकडे मागून आणले. अर्धे मामाच्या पद्धतीने निळ्या जेलने धुतले आणि प्रायमर लावला. उरलेल्यांवर बारीक पावडरचा फवारा मारला, म्हणजे वरचा मळका थर उडून आतला ताजा पृष्ठभाग उघडा पडतो, आणि मग त्यांना दुसरं काही लागू न देता प्रायमर लावला. सगळे तुकडे एकाच सिमेंटने जोडीजोडीने चिकटवले. तोंडात माणूस गरम पितो, गार पितो, म्हणून तिने ते कधी वाफाळत्या पाण्यात, कधी बर्फाच्या पाण्यात बुडवायला सुरुवात केली, सवड मिळेल तेव्हा, एक दिवस, दुसरा दिवस.

“यांना आंघोळी कसल्या घालतेस?” आक्काने विचारलं. “बाळंतीण आहेत का?”

“पुरावा आहे, आक्का.”

“अगं बाई. मग सांभाळ. पुरावा पडला-बिडला तर ‘काय चावलंत’ म्हणून विचारतील.”

भाची पहिल्यांदाच हसली. मग तिने जेलने धुतलेले तुकडे, एकदोन जोड्या सोडून, एकेक करून नखाने उचकटले. नखाने. दुसरे पकडीने ओढले तरी सुटेनात. एक सुटला तोही सिमेंट दोन्हीकडे फाटून.

ती तुकडे तळहातावर घेऊन तडक मामाच्या केबिनमध्ये गेली. केबिनमध्ये पेशंट नव्हता, तरी नियम म्हणून ‘सर’ म्हणाली. सगळं सांगितलं. सिमेंट कुठे राहिलं, जेल काय करते, तुकडे कसे सुटले. मामा ऐकत होता, पण त्याचा चेहरा दार लोटून घ्यावं तसा मिटत गेला.

“ही खेळणी आहेत,” तो म्हणाला.

“खेळणी नाहीत. तुम्ही स्वतः नखाने काढून बघा.”

“याच जेलने मी किती दात बसवलेत ठाऊक आहे? एक पडला नाही.”

“ते काचेच्या जातीचे होते! त्यांना चालते. याला नाही चालत.”

“आवाज.”

“सर, पीटी बाईंचे दोन चांगले दात तुम्ही घासणार आहात. घासलेला दात परत उगवत नाही. आणि त्यांची काही चूक नाही. एवढीसुद्धा नाही.” तिने बोटाचं पेर दाखवलं.

“मोजपट्टी,” मामा म्हणाला, आणि त्या नावात आज माया नव्हती, “तू दात मोजतेस. मी पेशंट बघतो. ती बाई मैदानावर दिवसभर जबडा आवळून असते. तिचा चावा मी पाहिलाय. प्लॅन ठरलाय. जा, पुढच्या पेशंटला आत घे.”

तिला वाटलं, हातातले सगळे तुकडे त्याच्या काचेच्या टेबलावर आपटावेत. पण तिने ते खिशात टाकले आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं. दिवसभर तिने दातओठ खात काम केलं. चिमटा मागितला तर चिमटा, कापूस मागितला तर कापूस, त्याव्यतिरिक्त एक अक्षर नाही.

घरी आईने चेहरा बघूनच ओळखलं. ती कपड्यांना इस्त्री करत होती. सगळं ऐकून घेतलं, कॉलरची घडी दाबत म्हणाली, “दादाशी वाकडं बोलू नकोस बाई. तुझे बाबा गेल्यावर उभा कोण राहिला? तुझ्या वह्यांना कव्हरंसुद्धा तोच घालायचा.”

“म्हणून त्याने कोणाचेही दात घासायचे?”

“तसं म्हटलं का मी? गोडीत सांग.”

“गोडीत सांगितलं.”

“तुझी गोडी मला माहीत आहे,” आई म्हणाली आणि इस्त्री उभी करून ठेवली. “पुन्हा सांग. चारचौघांत नको. तो ऐकेल. उशिरा ऐकतो, पण ऐकतो.”

उशिरा. भाचीच्या डोक्यात तो शब्द रात्रभर कुसळासारखा सलत राहिला. कशाच्या उशिरा? घासण्याच्या आधीचा उशीर, की नंतरचा? तरी तिने आईचं ऐकलं. पुन्हा एकदा मामाला एकांतात गाठायचं ठरवलं, आणि मामाने तिला एकांत मिळूच दिला नाही. कधी फोन, कधी पेशंट, कधी “नंतर बोलू”. बाईंच्या भेटीची सकाळ उजाडली तेव्हा तो दवाखान्यात आला तोच हात धुवायला गेला.

पीटी बाई वेळेआधी आल्या होत्या. घसा बसलेला, आवाज चाळणीतून गाळल्यासारखा. आक्काने त्यांच्या गळ्याला कागदी रुमाल बांधला. मामाने सुई भरली.

“सर, एक मिनिट बोलायचं होतं,” भाची म्हणाली.

“नंतर.”

“आत्ता.”

मामा बाईंकडे बघून हसत म्हणाला, पण शब्द भाचीसाठी होते, “आमच्या नवीन डॉक्टर जरा उतावळ्या आहेत. तोंड उघडा, बाई. मुंगी चावल्यासारखं वाटेल.”

बाईंनी डोळे मिटून तोंड उघडलं. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट. तोंड उघडता उघडता त्या अस्पष्ट म्हणाल्या, “मागच्या वेळी मी जपलं असतं तर…”

भाचीला पुढचं ऐकवेना.

“मामा, थांब!”

आक्काच्या हातातलं पाण्याचं नळकांडं तेवढं खुळखुळत राहिलं. मामाची सुई हवेतच थांबली. बाईंनी डोळे उघडले आणि एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं.

“मामा?” त्या म्हणाल्या. “म्हणजे हा घरचाच कारभार आहे होय?”

“बाहेर जा,” मामा भाचीला म्हणाला. हळू आवाजात.

“नाही जाणार. बाई, तुम्ही काही चावलं नाही. शिट्टीने काही झालं नाही, सफरचंदानेही नाही. तुमचा पंख आम्ही चुकीच्या पद्धतीने धुतला. तिन्ही वेळा. तो चिकटलाच नव्हता, तर पडणारच.”

“काय बोलतेस, कळतंय का तुला?”

“कळतंय! तुलाच कळून घ्यायचं नाहीये.” ‘तू’ सुटला तो सुटलाच, आता तिला तो आवरायचाही नव्हता. तिने ट्रेमधला दात बाईंसमोर धरला. “हे बघा. किती लख्ख आहे. गाडीत जागा अडवायला कोणी खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसं झालंय. ज्या जागांवर सिमेंटची माणसं बसायची, तिथे आमच्या धुण्याच्या औषधाने आधीच रुमाल टाकलेत. डोळ्यांना रिकामी गाडी दिसते, पण बसायला कोणाला मिळत नाही. हे धुणं बदललं की हाच दात राहील. घासायची काही गरज नाही. एकही दात नाही.”

बाई हळूहळू उठून बसल्या. गळ्याचा कागदी रुमाल त्यांनी स्वतःच ओढून काढला.

“खरं आहे का, डॉक्टर?”

मामाने सुई ट्रेमध्ये ठेवली. भाचीने खिशातले तुकडे काढून सुईशेजारी ठेवले. तो त्यांच्याकडे बघत राहिला, मग त्याने एक अजून जोडलेला उचलला, आणि कोणाला दिसू नये अशा बेताने त्याच्या काठाला नख लावलं. जोड सुटला आणि टक्‌ असा आवाज झाला. तो सगळ्यांना ऐकू आला.

“शक्यता आहे,” तो म्हणाला.

“शक्यता!” बाईंचा बसलेला घसा फाटला. “अहो, तुम्ही मला दर वेळी विचारायचात, काय चावलंत, काय चावलंत. मी घरी जाऊन आठवत बसायचे. काल काय खाल्लं, परवा काय खाल्लं. दुसऱ्या वेळी मी तुम्हाला काय सांगितलं, आठवतंय? पेनाचं टोपण चावलं म्हणून. खोटं होतं ते! मी काही चावलं नव्हतं. पण तुम्हाला काहीतरी हवंच होतं, आणि मला इथून सुटायचं होतं. चोरी न करता कबुली दिली मी. शाळेत पोरं मला भोंगा म्हणतात. लेकाच्या वाढदिवसाला त्याचा केक मी चमच्याने कुस्करून खाल्ला. नवऱ्याने विचारलं, दात नाहीत का तुला? आणि मी म्हटलं, माझीच चूक.”

भाचीला आत कुठेतरी गार वाटलं. शेवटी कोणीतरी तिच्याइतकं चिडलं होतं. पण बाई तिच्याकडे वळल्या.

“आणि तुम्ही. तुम्हाला हे कधी कळलं?”

“मागच्याच आठवड्यात. तुम्ही आलात, त्यानंतर लगेच…”

“मग फोन का नाही केलात?”

“मला आधी सरांना… मामाला…”

“आधी मामाला! तोंड माझं, आणि आधी मामाला.” बाईंनी तिच्यावर बोट रोखलं. मैदानावर रोखत असतील तसंच. “मी आठवडाभर झोपले नाही. चांगले दात जाणार म्हणून आरशात बघून घेत होते त्यांना. आणि तुम्ही इथे बसून मामाची मर्जी सांभाळत होता. माझी बाजू घेतलीत म्हणून टाळ्या हव्यात का आता?”

भाचीला राग आला, बाईंचाही आला, आणि तो कुठे ठेवावा ते कळेना, कारण बाईंचं म्हणणं खोडायला तिच्याकडे काहीच नव्हतं.

“दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी देतो,” मामा खाली बघत म्हणाला. “तुमचा विश्वास उडाला असेल तर…”

“उडालाच आहे. पण दुसरा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून विचारणार, काय चावलंत. मला ते ऐकायचं नाही.” बाई पुन्हा खुर्चीत टेकल्या. “इथेच करा. आत्ता. दोघांनी मिळून. आणि जे कराल ते मोठ्याने बोलत करा, मला ऐकू आलं पाहिजे. गुपचूप काही नाही. आरसा द्या हातात.”

आक्काने आरसा दिला. तिच्या चेहऱ्यावर हसू फुटू पाहत होतं, ते तिने मास्क वर ओढून झाकलं.

मग दवाखान्यात असं काम झालं, की तसं आधी कधी झालं नव्हतं. मामाने दातावरचं जुनं सिमेंट उतरवलं. “सिमेंट काढतोय,” तो म्हणाला. आवाज कोरडा. खोटा दात तोंडात लावून पाहिला. “माप बघतोय. बरोबर आहे.”

“बाहेर काढला,” भाची म्हणाली. “याला आता लाळ लागली. पावडरचा फवारा मारायला नेतेय. माप बघून झाल्यावर मारायचा, आधी नाही.” ‘आधी नाही’वर नको तितका जोर पडला. मामाने मान वर केली नाही.

तिने पंखावर फवारा मारला; चकाकी जाऊन तो दुधी, खरखरीत झाला. “आता प्रायमर लावते. आता याला कोणी हात लावायचा नाही.”

मामाने बाईंच्या दातांभोवती रबराचा पडदा ताणला, आत लाळ येऊ नये म्हणून. मग त्याचा हात सवयीने निळ्या सिरिंजकडे गेला. भाचीचं लक्ष गेलं. आरशातून बाईंनीही पाहिलं, आणि पडद्याआडून त्यांचा घोगरा हुंकार आला.

“खऱ्या दाताला लावतोय,” मामा म्हणाला. प्रत्येक शब्द वेगळा. “खऱ्या दाताला हीच लागते. पंखाला…” तो थांबला. बाई आरशातून बघत होत्या. “पंखाला लावायची नाही.”

त्याने दात धुतला, वाळवला. भाचीने पंखावर सिमेंट घेतलं आणि दात त्याच्या चिमट्यात दिला. तो त्याने एका हालचालीत असा बसवला, की रागातसुद्धा तिला कबूल करावं लागलं, तिच्या हातून हे असं झालं नसतं. काठावरचं सिमेंट पुसलं, सिमेंट कडक करणारा दिवा लावला. दोघांच्या कोपरांत कागद सरकेल एवढीच जागा होती, आणि तेवढ्या जागेत दोघंही एकमेकांना न लागण्याची काळजी घेत होते.

बाईंनी आरशात पाहिलं. जिभेने दाताची पाठ चाचपली. “ठीक,” एवढंच म्हणाल्या. उठल्या, पर्स घेतली. दाराशी जाऊन परत वळल्या.

“माझ्याआधी आणखी किती जणांना विचारलंत, काय चावलंत म्हणून?”

उत्तराची वाट न बघता त्या गेल्या.

आक्का ट्रे उचलून आत गेली, आणि जाताना उगाचच दार ओढून घेतलं. मामा फिरत्या स्टुलावर बसून राहिला. हातमोजे काढलेले नव्हते.

“पेशंटसमोर,” तो अखेर म्हणाला. “मला तोंडघशी पाडलंस. पेशंटसमोर.”

“हो.”

“दुसरा मार्ग नव्हता?”

“होता. तुला केबिनमध्ये सांगितलं होतं. तू खेळणी म्हणालास. आणि मी नंतर त्यांना फोन करायला हवा होता. तो केला नाही, ती माझी चूक. पण ती तुझ्या चुकीतून वजा होत नाही, मामा.”

“वर्षानुवर्षं मी काम नीट करावं म्हणूनच…”

“माहीत आहे मला. तू नीटच धुतलंस. मला तुझ्या धुण्याचा राग नाही येत. चुकतं माणसाचं, माहितीच नव्हतं तुला. ‘काय चावलंत’चा येतो. पहिल्यांदा पडला तेव्हा तू पंख उलटा करून पाहिलाही नाहीस. बाईंकडे पाहिलंस.”

मामाने हातमोजे काढले. एक काढला, तो मांडीवर ठेवला, मग दुसरा. भाचीला वाटलं, आता तो ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणणार, आणि तिने त्याचंही उत्तर तयार ठेवलं, तितकंच कडक.

पण तो उठला आणि केबिनमध्ये गेला. दार उघडंच होतं. त्याने चष्मा लावला, फोनमध्ये काहीतरी शोधलं आणि कानाला लावला.

“हॅलो, मी दातांचा डॉक्टर बोलतोय. तुमचा तो मागे बसवलेला दात निघाला होता, बघा.” पलीकडचा माणूस काहीतरी घाईघाईने बोलायला लागला असावा, कारण मामा मध्येच थांबला, ऐकत राहिला, आणि त्याचा चेहरा पडत गेला. “नाही, नाही. झोपेत दात खाता असं मीच म्हणालो होतो, हो… नाही, तुम्ही माफी कशाला मागताय? ऐका. ऐका जरा.”

त्याने दारातून भाचीकडे पाहिलं. शब्द सुचेनासा झाला की तो आयुष्यभर असाच बहिणीकडे किंवा तिच्याकडे बघत आला होता, आणि त्यांनी तो पुरवला होता.

ती तिथेच उभी राहिली, हाताची घडी घालून. तिने शब्द पुरवला नाही. फोनवरचा माणूस अजून माफी मागतच होता, आणि ‘चूक माझी’ हे वाक्य मामाचं मामालाच बोलायचं होतं.